चक्कर कानाची की काळजाची? दोनशे वर्षांचा एक तपास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आजचा इतिहास एका तक्रारीचा आहे. आपल्यापैकी प्रत्येकानं ती कधी ना कधी केलेली असते: “डॉक्टर, चक्कर येतेय.”

हा शब्द फार फसवा आहे. कुणाला पलंगावर कूस बदलली की अख्खी खोली गरगर फिरते. कुणाला रांगेत उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आता आपण कोसळणार असं वाटतं. कुणाचा चालताना नुसता तोल जातो. आपल्याकडे या सगळ्यासाठी शब्द कमी नाहीत. भोवळ आहे, घेरी आहे, गरगरणं आहे, अंधारी आहे. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात मूर्च्छा आणि भ्रम एकाच प्रकरणात येतात, पण दोन वेगळ्या गोष्टी म्हणून येतात. तरीही दवाखान्याचं दार ओलांडलं की या सगळ्या शब्दांचा एकच गोळा होतो: चक्कर.

यात धोका असा की गोळा एक असला तरी कारणं वेगळी असतात, आणि त्यांची किंमतही वेगळी असते. कानातून येणारी चक्कर माणसाला घाबरवून सोडते, उलट्या करायला लावते, पण सहसा जीव घेत नाही. हृदयाचे ठोके चुकल्यामुळे येणारी चक्कर दहा सेकंदांत येऊन जाते, माणूस उठून कपडे झटकतो आणि कामाला लागतो. पण ती पुढच्या मोठ्या संकटाची सूचना असू शकते.

म्हणजे साधीशी वाटणारी चक्कर जिवावरची असू शकते आणि भयंकर वाटणारी निरुपद्रवी. हा गुंता सोडवायला वैद्यकाला दोनशे वर्षं लागली. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण हा तपास वाचताना मला सारखं आमच्या कामातलं एक दुखणं आठवत होतं. वापरणारा सांगतो, “ॲप मधूनच अडकतं.” आपण बघायला जावं तर व्यवस्थित चालू असतं. आता त्याच्या वर्णनावर विसंबायचं, की ते अडकेल त्या क्षणाची नोंद पकडायची? चक्करचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. माझ्या परीनं त्याचं उत्तरही सांगून टाकतो: जेव्हा जेव्हा कुणी रुग्णाच्या वर्णनाच्या पुढे जाऊन झटक्याच्या वेळची नाडी किंवा डोळे पाहिले, तेव्हा तेव्हाच हा तपास पुढे सरकला.

नाडी मोजणारी माणसं

पहिला टप्पा आहे ल्युब्लियाना, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाची राजधानी. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे मार्को गेर्बेत्स नावाचे वैद्य होते. त्यांनी एका रुग्णाबद्दल लिहून ठेवलं आहे. माणूस तसा धडधाकट, पण नाडी इतकी संथ की तिचा पुढचा ठोका पडेपर्यंत निरोगी माणसाचे तीन ठोके होऊन जातील. या माणसाला वारंवार चक्कर यायची आणि अधूनमधून हलकी आकडीही यायची.

चक्कर आणि संथ नाडी एकाच वाक्यात आलेल्या सर्वात जुन्या नोंदींपैकी ही एक. गेर्बेत्स यांनी इथे दुसऱ्या माणसाच्या नाडीचंच माप वापरलं. पुढे इटलीतल्या पादुआचे जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी यांनी १७६१ सालच्या आपल्या प्रचंड ग्रंथात असेच रुग्ण नोंदवले आणि गेर्बेत्सचा दाखलाही दिला. पण हे दोघंही आपापल्या काळात एकटे पडले. कारण माणूस कोसळला म्हणजे दोष डोक्यात, ही समजूत तेव्हा पक्की होती.

आता डब्लिनला येऊ. १८१९ साल. रॉबर्ट ॲडम्स नावाच्या तरुण शल्यचिकित्सकानं महसूल खात्यातल्या ६८ वर्षांच्या एका अधिकाऱ्याला तपासलं. मागच्या सात वर्षांत या गृहस्थांना झटक्यासारखे वीसेक प्रसंग आले होते. ते बेशुद्ध पडायचे, पण शुद्धीवर आल्यावर ना हात लुळा, ना पाय लुळा, ना जीभ जड. आणि नाडी? मिनिटाला ३० च्या आसपास.

ॲडम्सच्या डोक्यात इथे शंका आली. मेंदूत झटका आला असेल तर वीस वेळा येऊन एकदाही लकवा कसा राहत नाही? रुग्णाच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात हृदयातला बिघाड दिसला. १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यानं मांडलं की अशा माणसात झटका हा मूळ रोग नसून लक्षण आहे आणि रोगाचं घर हृदयात आहे.

१८४६ मध्ये डब्लिनच्याच विल्यम स्टोक्सनं कायम संथ नाडी असलेल्या रुग्णांवर एक लेख लिहिला. त्यातल्या एका रुग्णाची नाडी होती मिनिटाला २८. या रुग्णाची एक गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त आवडते. झटका येणार असं वाटलं की तो लगेच हातापायांवर, रांगणाऱ्या मुलासारखा ओणवा व्हायचा आणि डोकं खाली घालायचा. असं केलं की पुष्कळदा झटका टळायचा.

युक्ती साधीशी होती. पण तिचा अर्थ बघा. त्या काळची प्रचलित समजूत अशी की मेंदूत रक्त जास्त साठतं म्हणून माणूस कोसळतो. तसं असतं तर डोकं खाली केल्यावर त्रास वाढायला हवा होता. इथे तर तो कमी होत होता, म्हणजे मेंदूला रक्त कमी पडत होतं. मोठमोठ्या प्राध्यापकांच्या सिद्धांताला एका म्हाताऱ्या रुग्णानं जमिनीवर ओणवं होऊन उत्तर दिलं होतं.

या आजाराला पुढे या दोघा डब्लिनकरांचंच नाव मिळालं: स्टोक्स-ॲडम्स झटके. आज आपल्याला कारण माहीत आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश वाटेत अडतो. खालचे कप्पे मग आपल्या संथ गतीनं धडधडतात किंवा काही सेकंद थांबतातच. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर साधारण ६ ते ८ सेकंदांत शुद्ध हरपते. त्याआधीच्या दोन-चार सेकंदांत जे जाणवतं, त्याला रुग्ण काय म्हणतो? चक्कर.

पॅरिस, जानेवारी १८६१

आता दुसरी बाजू. डब्लिनमध्ये नाडी मोजली जात होती त्या काळात पॅरिसमध्ये गरगरणाऱ्या रुग्णांचे हाल चालले होते. खोली फिरते, उलट्या होतात, माणूस पडतो. निदान ठरलेलं: मेंदूत रक्त तुंबलंय. उपचारही ठरलेले: शीर उघडून रक्त काढा, जळवा लावा, तुंबड्या लावा, जुलाब द्या. आधीच उलट्या करून गळून गेलेल्या माणसाचं वर आणखी रक्त काढायचं. बरं, झटका आपोआप थांबायचाच, त्यामुळे श्रेय जळवांना मिळायचं.

प्रॉस्पेर मेनिएर हे १८३८ पासून पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे मुख्य वैद्य होते. त्यांच्याकडे येणाऱ्यांना चक्कर तर होतीच, पण सोबत कानात आवाज होता आणि ऐकू कमी येत होतं. मेंदूच्या तक्रारीसाठी आलेला रुग्ण कानाच्या वैद्यासमोर बसला, म्हणून ही जोडी कुणाच्या तरी लक्षात आली. दुसरा धागा होता प्येर फ्लुरांस यांच्या प्रयोगांचा. १८२० च्या दशकात त्यांनी कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापून पाहिल्या होत्या. ज्या पातळीतली नळी कापली, त्याच पातळीत कबुतर डोकं फिरवत राहायचं. ऐकू मात्र त्याला येत होतं.

८ जानेवारी १८६१ रोजी मेनिएर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला. सार असं: गरगरणं, तोल जाणं, पडणं, मळमळ आणि उलट्या हे सगळं आतल्या कानातल्या बिघाडानं होऊ शकतं, मेंदू पूर्ण शाबूत असतानाही. तेव्हा ६१ वर्षांचे होते ते. फेब्रुवारी १८६२ मध्ये ते वारले. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा आजार त्यांनी स्वतः कधी त्या नावानं ऐकला नाही.

एक बारीक गोष्ट इथे टिपून ठेवा. मेनिएर यांनी कानाच्या झटक्याची जी लक्षणं लिहिली, त्यात मूर्च्छेसारखी अवस्थाही होती. म्हणजे कानाच्या चक्करचा पहिला मोठा अभ्यासकच सांगत होता की हा रुग्ण नुसता गरगरत नाही, तो पांढरा पडतो आणि बेशुद्धीच्या काठावर जातो. हे तेव्हा लिहिलं गेलं आणि मग बराच काळ कुणी त्याकडे वळून पाहिलं नाही.

घराची वाटणी

कारण पुढच्या पन्नास वर्षांत चक्करची सरळ वाटणी झाली. गरगरणारी चक्कर गेली कानाच्या डॉक्टरांकडे आणि अंधारीवाली गेली हृदयाच्या डॉक्टरांकडे. दोन्ही घरांनी आपापली उत्तम अवजारं बनवली.

कानाच्या घरातलं मोठं नाव रॉबर्ट बारानी. व्हिएन्नाच्या कानाच्या दवाखान्यात ते रुग्णांचे कान पाण्यानं धुवायचे. धुताना अनेकांना चक्कर यायची. एकदा एका रुग्णानं सहज सांगितलं की पाणी पुरेसं कोमट नसलं की मला चक्कर येते. बारानींनी गरम पाणी मागवलं, तर त्यानं चक्कर पुन्हा आली! पण बारानी रुग्णाच्या डोळ्यांकडे बघत होते. थंड पाण्यानं डोळे ज्या दिशेला झटके देत होते, गरम पाण्यानं त्याच्या बरोबर उलट्या दिशेला द्यायला लागले. बंबात तापलेलं पाणी वर चढतं आणि गार पाणी खाली उतरतं, तसाच कानाच्या नळीतला द्रव वरखाली होत होता. शरीराच्या आत न शिरता कानाचा तोल तपासायची ही पहिली भरवशाची परीक्षा.

बारानींना १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियन युद्धकैद्यांच्या छावणीत होते. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे मध्यस्थी केली आणि १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली.

हृदयाच्या घरातलं अवजार बनलं नेदरलँड्समधल्या लायडन शहरात. विलेम आइंटहोवन यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेलं यंत्र अडीचशे किलोंहून जड होतं आणि चालवायला पाच माणसं लागायची. रुग्ण हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसायचा. पण हृदयातली वीज पहिल्यांदाच अशी स्वच्छ कागदावर उतरली. ॲडम्स आणि स्टोक्स ज्याला बोटांनी चाचपत होते, तो वाटेत अडलेला संदेश आता डोळ्यांना दिसत होता. आपण आज ईसीजी म्हणतो तो हाच. त्याचं नोबेल १९२४ चं.

झालं, दोन घरं, दोन अवजारं, दोन नोबेल. पण एक अडचण राहिली. ईसीजी काढायला काही सेकंद लागतात आणि चक्कर महिन्यातून एकदा येते. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा पट्टी अगदी सरळसाधी निघते. डॉक्टर म्हणतात, “हृदय ठीक आहे.” खरं तर ठीक असतात फक्त ते काही सेकंद.

पाठीवरचं बिऱ्हाड

हा प्रश्न सोडवला हेलेना गावातल्या एका भौतिकशास्त्रज्ञानं. अमेरिकेच्या माँटाना राज्यातले नॉर्मन होल्टर. त्यांचं म्हणणं असं की माणूस झोपून असताना हृदय काय करतं हे कळून उपयोग काय? तो जिने चढतो, भांडतो, जेवतो, झोपतो, तेव्हाचं हृदय बघायला हवं. त्यांचं सुरुवातीचं यंत्र ३८ किलोंच्या आसपास होतं. ते पाठीवर बांधून होल्टर स्वतः व्यायामाची सायकल मारत असल्याचा फोटो आजही बघायला मिळतो. वजन उतरत उतरत यंत्र खिशात मावण्याइतकं झालं. १९६१ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात ही पद्धत मांडली.

आमच्या भाषेत सांगायचं तर होल्टरनी हृदयाला लॉगिंग चालू करून दिलं. बिघाड होईल त्या क्षणी कुणी हजर असायची गरज उरली नाही. नंतर बसून उलगडता येऊ लागलं. रुग्णानं डायरीत लिहायचं, “चार वाजून दहा मिनिटांनी चक्कर आली,” आणि डॉक्टरनं त्या मिनिटाची पट्टी उघडायची. त्या वेळी ठोके थांबलेले दिसले तर गुन्हेगार सापडला. आणि चक्कर आली, पण ठोके सुरळीत असले तर? ती नोंदही तितकीच मोलाची, कारण त्या चक्करसाठी तरी ठोक्यांवरचा आळ दूर होतो.

गुन्हेगार सापडल्यावर करायचं काय, याचंही उत्तर त्याच सुमारास मिळत होतं. स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन नावाचे ४३ वर्षांचे गृहस्थ होते. त्यांना स्टोक्स-ॲडम्सचे झटके दिवसाला वीस-तीस वेळा येत. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि यंत्र बनवणारे रूने एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरवला. शरीरात बसेल असं यंत्र तयार नाही म्हणाले, तर बाईंचं म्हणणं, “मग बनवा!” एल्मक्विस्ट यांनी ट्रान्झिस्टर आणि बॅटरी राळेत ओतून गोळा केला. साच्याला घेतली बूटपॉलिशची डबी. ८ ऑक्टोबर १९५८ ला ते लार्सन यांच्या शरीरात बसवलं. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं, मग दुसरं लावलं. पुढे आयुष्यात त्यांना २६ पेसमेकर लागले. २००१ साली, ८६ व्या वर्षी ते गेले तेव्हा सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघंही आधीच गेलेले होते.

दोन घरांमधली तार

इथपर्यंतची गोष्ट ऐकून वाटेल की सगळं नीट लागलं. कानाचं कानाला, काळजाचं काळजाला. पण मेनिएर यांची ती मूर्च्छेसारखी अवस्था आठवते ना? तिचा हिशेब बाकी होता.

१९२२ मध्ये व्हिएन्नात श्पीगेल आणि देमेत्रियादेस या दोघांनी दाखवलं की प्राण्यांच्या आतल्या कानाचा तोलाचा भाग उत्तेजित केला की रक्तदाब बदलतो. पुढे १९७४ मध्ये डोबा आणि रीस यांनी मांजरांवर प्रयोग केले. कानाच्या तोलाच्या नसा कापल्या आणि मांजराला डोकं वर राहील असं तिरकं केलं, तर रक्तदाब सावरायला जड जात होतं. नसा शाबूत असलेल्या मांजराला असं होत नव्हतं.

याचा अर्थ काय? आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओढलं जातं. मानेतल्या रक्तवाहिन्यांना दाब उतरल्याचं कळतं आणि मग हृदय वेग वाढवतं. पण दाब उतरायच्या आधीच शरीर उठतंय हे कुणाला कळलेलं असतं? कानाला. कान आगाऊ वर्दी देतो आणि रक्तवाहिन्या आवळायला सुरुवात होते. कान आणि काळीज यांच्यामध्ये मेंदूच्या बुंध्यातून गेलेली तार आहे.

म्हणून गरगरणाऱ्या रुग्णाच्या नाडीत बदल दिसला की प्रश्न दुहेरी होतो. कानाच्या झटक्यानंच नाडी बदलली असेल. मळमळ आणि घाम यांच्याबरोबर नाडी मंदावू शकते, भीतीनं वाढूही शकते. किंवा उलट, ठोके आधी बिघडले आणि त्यामुळे गरगरलं. नुसती ‘नाडी बदललेली आहे’ एवढी नोंद निकाल देत नाही. आधी काय झालं, ते बघावं लागतं.

शब्दांचा भरवसा किती?

आता शेवटचा टप्पा, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा. १९७२ मध्ये अमेरिकेतले ड्राखमन आणि हार्ट यांनी चक्करचे चार कप्पे केले: गरगरणं, बेशुद्ध पडल्यासारखं वाटणं, तोल जाणं आणि बाकीचं सगळं. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या हे शिकल्या. पहिला प्रश्न ठरला: “चक्कर म्हणजे नक्की कसं वाटतं?” फिरतंय म्हणाला तर कान. अंधारी येते म्हणाला तर हृदय. सुटसुटीत.

दुसऱ्या कप्प्यासाठी १९८६ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातून एक नवी परीक्षाही आली. रुग्णाला टेबलावर पट्ट्यांनी बांधायचं, टेबल तिरकं उभं करायचं, आणि नाडी आणि रक्तदाब बघत थांबायचं. ज्यांच्या बेशुद्धीचं कारण कशातच सापडत नव्हतं, अशा अनेकांना त्या टेबलावर भोवळ आली आणि ठोके किंवा दाब पडताना डोळ्यांसमोर दिसला. पुन्हा तेच: झटका घडताना बघणं.

पण पहिल्या कप्प्याचं काय? २००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे डेव्हिड न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांना विचारलं, तुमची चक्कर कोणत्या प्रकारची? काही मिनिटांनी तोच प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेनं विचारला. निम्म्याहून जास्त रुग्णांनी उत्तर बदललं! चक्कर किती वेळ टिकते आणि कशानं सुरू होते, याची उत्तरं मात्र त्या मानानं पक्की राहिली.

पुढच्याच वर्षी याच गटानं जुने अभ्यास एकत्र करून विचारलं की ज्यांच्या चक्करचं कारण हृदय किंवा रक्ताभिसरण असल्याचं सिद्ध झालंय, त्यांच्यापैकी किती जण ‘गरगरतं’ म्हणाले? जुन्या नियमानं हा आकडा शून्याजवळ हवा होता. तो निघाला ६३ टक्के.

म्हणजे ‘फिरतंय’ या एका शब्दावर ज्यांना कानाच्या घराकडे पाठवलं जात होतं, त्यांच्यात हृदयाचे रुग्णही होते. याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की आतल्या कानाला रक्त नेणारी वाहिनी अगदी बारीक आणि एकुलती एक असते, तिला पर्यायी रस्ता नाही. ठोका चुकला, दाब पडला, तर कान आणि मेंदूचा बुंधा लवकर तक्रार करतात. रुग्णाला खोली फिरताना दिसते. तो खरंच सांगत असतो, पण त्याचा शब्द बिघाडाची जागा दाखवत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये निदान आधी ठरायचं आणि रुग्ण त्यात बसवला जायचा. जळवा गेल्या, ती सवय मात्र एका प्रश्नाच्या रूपानं मागे राहिली. इथे दोष रुग्णाचा नाही. मराठीत तर मुळीच नाही. जी भाषा गरगरण्यालाही चक्कर म्हणते आणि कोसळण्यालाही “चक्कर येऊन पडला” म्हणते, ती बोलणाऱ्याकडून चार कप्प्यांची शिस्त कशी मागायची?

मग डॉक्टरला सांगायचं काय?

हा सल्ला उपचाराचा नाही, फक्त सांगण्याचा. ‘कसं वाटतं’ याबरोबर चार गोष्टी टिपून न्या. किती वेळ टिकते: सेकंद, मिनिटं की तास. कशानं येते: कूस बदलताना, की उठून उभं राहताना, की काहीही न करता. कूस बदलताना मिनिटभर गरगरणं बहुतेकदा कानातल्या चुन्याच्या कणांमुळे होतं, आणि त्याचं वर्णन बारानींनीच १९२१ मध्ये केलं होतं. तिसरं, त्या वेळी नाडी कशी होती. घरातल्या कुणीतरी मनगटावर बोटं ठेवून मोजली तरी चालेल, रक्तदाबाच्या यंत्रावरचा आकडा चालेल. चौथं, बाजूला असलेल्यानं काय पाहिलं: माणूस पांढरा पडला का, शुद्ध गेली का, डोळे हलत होते का. जमलं तर व्हिडिओ घ्या.

आणि काही गोष्टींत थांबायचं नाही. जिना चढताना किंवा पळताना आलेली चक्कर, शुद्ध हरपणं, सोबत छातीत धडधड किंवा दुखणं, घरात कमी वयात कुणी अचानक गेलेलं असणं. यातलं काहीही असेल तर “पित्तानं होतंय”, “मानेचं आहे” असं स्वतःच ठरवून बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि ईसीजीबद्दल विचारा. एकच ईसीजी सरळ आला आणि चक्कर चालूच राहिली, तर होल्टरबद्दल विचारा. काही सेकंदांच्या पट्टीत महिन्याची गोष्ट मावत नाही.

तुमच्या भागात चक्करला आणखी कुठला शब्द आहे? घेरी, भोवळ, अंधारी सोडून? खाली लिहा, आणि तो शब्द नक्की कोणत्या अनुभवासाठी वापरतात तेही लिहा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.